अंतराळवीराला लघवी लागते तेव्हा

पत्रक कसं लिहायचं हे मला संघटनेत शिकवलं गेलं. पहिलं वाक्य असं हवं की स्टेशनबाहेर घाईत चाललेला माणूस थबकला पाहिजे. दुसऱ्या वाक्यात त्याला राग आला पाहिजे, तिसऱ्यात राग कुणावर काढायचा ते कळलं पाहिजे, आणि मग मागण्या. मागण्या थोड्या, उद्गारचिन्हं हवी तेवढी. गेली काही वर्षं मी ठाण्यापासून कल्याणपर्यंत याच पद्धतीनं लोकांना थबकवते आहे. लोक थबकतात, पत्रक घेतात, त्याचा द्रोण करतात आणि त्यात शेंगदाणे खातात. लिखाणाचा समाजाला रोजच्या रोज एवढा उपयोग होणं किती लेखकांच्या नशिबी असतं?

मी पूर्णवेळ कार्यकर्ती आहे. म्हणजे माझी आई पूर्णवेळ नोकरी करते.

ती बस कंडक्टर आहे. कुठल्या सेवेत ते लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या सेवांना वाटेल आपण सुटलो. तिची गाडी कल्याणहून निघते आणि शीळफाट्यावरून पुढे जाते. जाते हे बोलायची पद्धत म्हणून. शीळफाट्यावर ठाण्याचा, कल्याणचा आणि नवी मुंबईचा असे तीन रस्ते एकमेकांना भेटतात आणि मग कुणालाच निघवत नाही. तिथं रस्त्याकडेला एक पत्र्याची चौकी आहे. आत कंट्रोलर बसतो, कुठली गाडी कधी आली ते बघतो. चौकीच्या मागे एक भिंत आहे. ड्रायव्हर उतरतात, भिंतीकडे जाऊन येतात. भिंतीपर्यंत चालायचा कंटाळा असेल तर स्वतःच्याच गाडीचं मागचं चाक असतं. बायकांसाठी भिंतही नाही आणि चाकही नाही.

आईनं यावर तिचा उपाय काढलेला. पाणी प्यायचं नाही. पहाटे अर्धा कप चहा, तोही शेवटचा घोट कपात ठेवून. दुपारी घरी आली की चपला पायात तशाच, पदर खोचलेला तसाच, आणि सरळ मोरीत. दार उघडायला मला उशीर झाला तर बाहेरून जे ऐकू यायचं ते कुठल्याही पत्रकात छापता येणार नाही.

मग तिला ताप यायला लागला. हुडहुडी भरायची, पोटात खालून कळा यायच्या. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई चिडल्या. म्हणाल्या, हे असंच चाललं तर किडनीपर्यंत जाईल, मग नोकरी विसरा. भरपूर पाणी प्यायचं.

आई म्हणाली, "पाणी लिहून दिलंत तसं सोडायची जागा पण लिहून द्या की."

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "गाडी थांबवायची गं सरळ. पंपावर जाऊन यायचं."

"भरलेली गाडी? आणि सगळे खिडकीतून डोकावून बघणार, बाई कुठं गेली. तुला भाषणात बोलायला बरं आहे."

माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की मी पत्रक लिहिते.

मी सुरुवात केली, 'माणूस चंद्रावर पोचला, पण...' आमच्या संघटनेत एक ज्येष्ठ आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांनी एवढं वाचून कागद परत दिला. "चंद्र बाद. खड्ड्यांच्या पत्रकात चंद्र, पाण्याच्या पत्रकात चंद्र, मागच्या महिन्यात डासांच्या पत्रकात पण तू चंद्र घातलास. दुसरं काहीतरी शोध."

म्हणून मी डोंबिवलीतल्या एका वाचनालयात जाऊन बसले. चंद्र बाद तर चंद्राच्या आधीचं बघू, एवढाच हिशोब. तिथं अंतराळातल्या पहिल्यावहिल्या माणसांवरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. चित्रं ओळखीची होती. चंदेरी पोशाख, काखेत हेल्मेट, निवडणुकीच्या बॅनरवर शोभेल असं हसू. मी तुच्छतेनं पानं उलटत होते. सरकारी खर्चानं फिरणारे पुरुष, मला काय त्यांचं कौतुक? आणि एका पानावर मी थांबले ती वाचनालय बंद व्हायच्या वेळेलाच उठले.

तर झालं होतं असं. जगातला पहिला अंतराळवीर रॉकेटकडे निघाला तो बसमधून. खास बस, खास माणसं. आणि वाटेत त्याला लागली. त्यानं बस थांबवली, खाली उतरला, आणि उजव्या बाजूच्या मागच्या चाकावर मोकळा झाला. मग रॉकेटमध्ये बसला आणि पृथ्वीला फेरी मारून आला. तो सुखरूप आला म्हणून पुढच्या प्रत्येकानं उड्डाणाआधी तसंच करायचं, अशी प्रथाच पडली. शास्त्रज्ञांच्या देशात! बायकांना यातून सूट आहे म्हणे. तरी काहीजणी बाटली भरून नेतात आणि चाकावर ओततात.

अमेरिकनांचं आणखी भारी. त्यांच्या पहिल्या वीराचं उड्डाण होतं पंधरा मिनिटांचं. पंधरा मिनिटांत कुणाला काय लागणार, म्हणून सोयच केली नव्हती. पण तो आत उताणा पट्ट्यांनी बांधलेला आणि उड्डाण लांबतंय. ढग आले म्हणून लांबलं, यंत्र रुसलं म्हणून लांबलं. शेवटी त्यानं कळवलं की मला जायचंय. खाली सगळे हुशार एकमेकांची तोंडं बघायला लागले. बाहेर काढता येत नाही, आणि आत सोडली तर पोशाखातल्या तारा भिजून शॉर्ट सर्किट. बराच वेळ नाही नाही चाललं, मग त्यांनी तारांची वीज बंद केली आणि त्याला सांगितलं, कर. तो ओल्या पाठीनं अंतराळात जाऊन आला आणि देशानं त्याची मिरवणूक काढली.

मग त्यांना अक्कल आली आणि त्यांनी पुरुषांसाठी नळीचं एक साधन बनवलं. त्यात मापं होती, लहान, मध्यम, मोठं. सगळे वीर मोठंच मागायचे आणि मग गळायचं. बायका मात्र बराच काळ नकोतच, आणि नकोत याच्या कारणांमध्ये तुमची सोय कशी करणार हेही कारण. रशियानं पहिली बाई पाठवली तर तिला टूथपेस्ट दिली आणि ब्रश द्यायला विसरले, असं सांगतात.

मी वाचनालयात एकटी हसत होते आणि आतून पेटलेही होते. आईची चौकी आणि त्यांचं ते केंद्र, काय फरक? सगळं मोजलेलं. इंधन मोजलेलं, वेळ मोजलेली. आत बसलेल्या माणसाला मूत्राशय असतं हे कुणाच्या डोक्यात नाही.

पत्रक एका बैठकीत लिहून झालं. पहिलं वाक्य: 'जगातला पहिला अंतराळवीर बस थांबवून मागच्या चाकावर मोकळा झाला!' पुढे अमेरिकन इंजिनिअरांवर एक परिच्छेद, मग शीळफाटा, महिला कंडक्टर, हद्दीचं कारण सांगून एकमेकांकडे बोट दाखवणारी कार्यालयं, आजार, आणि शेवटी मागणी एकच, शीळफाट्यावर बायकांसाठी शौचालय. सर चष्मा काढून म्हणाले, "थबकतील."

थबकले की. पहिल्याच वाक्यावर थबकले आणि तिथून पुढं कुणी हललंच नाही.

आईच्या गाडीचे ड्रायव्हर निवृत्तीला आलेले, साताऱ्याकडचे. पत्रक त्यांनी डेपोत मोठ्यानं वाचून दाखवलं. फक्त पहिलं वाक्य. मग आईला म्हणाले, "ताई, म्हणजे आजवर आमचं काय चुकत नव्हतं तर. शास्त्रात आहे ते."

दुसऱ्या दिवसापासून भिंतीकडे निघालेला माणूस "जरा उड्डाणाचं बघून येतो" म्हणायला लागला. त्या आठवड्यात कुणीतरी चौकीमागच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलं, अंतराळ केंद्र. अक्षर सुंदर होतं, बाणही काढलेला. कंट्रोलरनं मला बघितल्यावर खिडकीतून हात जोडले. "मॅडम, पत्रक वाचलं. फार माहितीपूर्ण आहे."

रात्रीच्या जेवणाला आईनं ताट वाढलं आणि म्हणाली, "तू त्यांना लाज आणायला गेलेलीस ना? पदवी देऊन आलीस."

आता माघार घेतली तर मी कसली कार्यकर्ती? मी बैठक लावली. सरांनी नेहमीप्रमाणे सुचवलं, उपोषण करू. मी म्हटलं, "सर, उपोषण माझी आई रोज करते. आपण उलटं करायचं. पाणी प्यायचं. मी अंतराळवीराचा पोशाख घालून शीळफाट्यावर बसणार, सगळ्यांसमोर ग्लासावर ग्लास पाणी पिणार, आणि जायला जागा नाही हे जगाला दाखवणार. तो अमेरिकन अडकला होता ना, तशी."

सर म्हणाले, "जलप्राशन आंदोलन." नाव मिळालं की आमच्याकडे निर्णय झाला असं धरतात.

पोशाखाचं काम माझ्या एका मैत्रिणीकडे गेलं. ती गणपतीची मखरं बनवते. गाड्यांच्या काचांना उन्हासाठी लावतात तो चंदेरी पत्रा तिनं कापडासारखा बेतला. पाण्याचा मोठा जार कापून हेल्मेट केलं, तोंडापाशी ग्लासापुरतं भोक ठेवून. पायात मासळीबाजारातले पांढरे गमबूट. पोशाखावर आमची अख्खी संध्याकाळ चर्चा झाली. पट्टा लाल की निळा. मागणी छातीवर की पाठीवर. हेल्मेटमधून चेहरा दिसेल का, कॅमेऱ्यात घोषणा ऐकू येईल का. लाल-निळ्यावर तर मतदान झालं. चेन लावताना पत्रा फाटायला लागला, तेव्हा मैत्रीण म्हणाली, चेन नको, अंगावर चढवून मागून पॅकिंगची चिकटपट्टी गुंडाळू. सगळ्यांनी वा वा केलं.

शौचालयासाठी आंदोलन. त्यासाठी शिवलेला पोशाख. तो घातल्यावर शौचालयाला कसं जायचं, हा प्रश्न त्या खोलीत एकाही माणसाला पडला नाही. मलाही नाही. त्या अमेरिकन इंजिनिअरांवर मी अख्खा परिच्छेद आग ओकले होते.

आंदोलनाच्या दिवशी ऊन असं होतं की पत्र्यावर पापड भाजले असते. चौकीच्या बाजूला बॅनर, प्लास्टिकचं स्टूल, पाण्याची भरलेली कळशी आणि मी. लोकल चॅनलचा कॅमेरावाला आलेला. गर्दी जमली. एका काकांना वाटलं पाण्याच्या कंपनीची जाहिरात आहे, ते फुकट ग्लास मागत होते. दुसऱ्यानं विचारलं, "नवीन टॉवर आहे का? चोवीस तास पाणी?" एक रिक्षावाला समोर येऊन थांबला, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "मंगळ का? शेअर जाईल, एक सीट बाकी आहे."

पहिले ग्लास मी भाषण देत देत प्यायले. माझा आवाज जारमध्ये घुमत होता, मला तो फार आवडला. अजून दोन ग्लास. मग माझी वाक्यं आखूड व्हायला लागली. मग मी नुसत्या घोषणा द्यायला लागले, मग नुसती मूठ वर करायला लागले.

मैत्रीण वाकून म्हणाली, "जोक सांगू? टाइमपास?"

"हसवू नकोस."

"मग उठ ना, फिरून ये जरा."

"हलवू पण नकोस मला."

ती बघतच राहिली. "अगं, एवढी लागलीय तर जा ना!"

"कुठे?"

हा प्रश्न माझ्या पत्रकात होता, जाड अक्षरांत. मी तो विचारला तेव्हा मात्र उद्गारचिन्ह नव्हतं. समोरच्या हॉटेलवाल्यानं फक्त गिऱ्हाइकांसाठी अशी पाटी लावलेली, आणि हॉटेल रस्त्यापलीकडे, मध्ये ट्रकची रांग. आणि पाठीवरची पट्टी? मैत्रिणीनं पिशवी उलटी केली. कात्री डोंबिवलीत राहिली होती.

सरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी माइक हातात घेतलेला. "आमची ही कार्यकर्ती सकाळपासून पाणी पिते आहे! हा जनतेच्या संतापाचा पूर आहे! धरण भरलेलं आहे! बांध फुटल्याशिवाय राहणार नाही!"

"सरांना थांबव," मी म्हटलं.

"रंगात आलेत."

"आता झरे फुटतील!" सर म्हणाले.

मी त्या उताण्या अमेरिकनाचा विचार करायला लागले. मला वाटलं होतं मी त्याच्या नावावर विनोद करते आहे. त्या स्टुलावर तो मला एकदम घरातला वाटायला लागला. त्याला निदान वर आभाळ होतं. माझ्यासमोर टायर पंक्चरचं दुकान.

तेवढ्यात जॅममधून आईची गाडी पुढे सरकत आली आणि चौकीपाशी अडली. आई पायरीवर उभी होती. तिनं मला बघितलं. आंदोलन आहे हे तिला माहीत होतं, पोशाख माहीत नव्हता. ती भरलेली गाडी तशीच सोडून खाली उतरली, गर्दी बाजूला करत आली आणि जारला तोंड लावून म्हणाली, "झाली?"

"नाही. होईल पण."

"काढ ते."

"निघत नाही. पट्टी आहे मागे."

तिनं मला गरकन फिरवलं आणि नखांनी पट्टी ओरबाडायला लागली. निघेना. तिनं दातांनी धरली. ड्रायव्हरकाका पान्हा घेऊन धावत आले. पान्ह्यानं चिकटपट्टी कशी निघणार ते त्यांचं त्यांना माहीत. कॅमेरावाला पुढे सरकला. सर म्हणाले, "मातृशक्ती!"

आणि बांध फुटला.

गरम होती. मांड्यांवरून खाली गेली आणि गमबुटांत जमा झाली. चंदेरी पत्रा पाणी धरत नाही, पण दाखवतो छान. कुणीतरी फिस्कन हसलं. मला जारच्या आत स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि ज्या जगाला दाखवायचं ठरवलेलं तेच जग माझ्याकडे टक लावून बघत होतं.

आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिकिटाची बॅग काखेला, हात पसरलेले. कॅमेरावाल्याला म्हणाली, "बंद कर." त्यानं केला नाही. मग ती सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "काय बघता? हिला आज एकदा झालं. मला रोज असं होतं. फक्त तुम्हाला दिसत नाही."

वळली, गाडीत चढली आणि डबल बेल दिली. जॅम होता, गाडी कुठेही जाणार नव्हती. तरी दिली.

तो व्हिडिओ किती फिरला ते विचारू नका. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, संघटनेच्या आला, दूधवाल्याकडे होता. खडवलीच्या मावशीचा फोन आला. "अगं, तुझ्यासाठी एक स्थळ बघितलेलं मी. त्यांनी पण बघितलंय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आई चांगली बोलते."

खरंच होतं. मी रात्री रात्री जागून जे करायला बघते, थबकवायचं, राग आणायचा, कुणावर काढायचा ते सांगायचं, ते आईनं तीन-चार वाक्यांत केलं होतं. तेही मागण्यांशिवाय. मला हेवा वाटला, हे लिहायला लाज वाटत नाही. गमबूट धुताना वाटली तेवढी पुरे झाली.

आणि चक्क परिणाम झाला. थोड्याच दिवसांत एका टेम्पोतून निळी प्लास्टिकची केबिन आली. चौकीच्या बाजूला उभी केली, पाण्याची टाकी वर बसवली, दारावर साडीतल्या बाईचं चित्र. कुणीतरी येऊन फीत कापली. फोटोत मी नाही. मला फोटोसाठी पुढे बोलावलं तेव्हा कोपऱ्यात कुणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन उभं होतं, हसत. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी केबिनला कुलूप लागलं. गैरवापर होतो म्हणे. चावी कंट्रोलरकडे. बायकांनी चौकीच्या खिडकीशी जायचं, मागे ड्रायव्हरांची रांग, आणि चावी मागायची. कंट्रोलर रजिस्टरमधून मान वर न करता मोठ्यानं विचारायचा, "कोणाला जायचंय? वेळ लागेल का?" बायका एकदा गेल्या, दुसऱ्यांदा गेल्या नाहीत. आईनं पुन्हा पाणी तोडलं. आणि एका दुपारी ती आली ती मोरीत न जाता पांघरूण घेऊन आडवी झाली. कपाळ तापलेलं.

मी त्याच रात्री लिहायला बसले. पहिलं वाक्य, 'मूत्राशयाला कुलूप!' पत्रक भयंकर जमलं होतं. छापूनही आणलं. ताप उतरल्यावर आईनं गठ्ठ्यातलं एक घेतलं आणि अगदी खालपर्यंत वाचलं. ती शेवटपर्यंत वाचणारी माझी एकमेव वाचक आहे.

"चांगलंय," ती म्हणाली. "वाटू नकोस."

"का?"

"चावी आमच्याकडे आहे."

झालं असं होतं. ठाण्याकडची एक ख्रिश्चन कंडक्टर आहे, वडील मिठागरात होते तिचे, बोलायला फटकळ. तिनं चावी मागून घेतली आणि परत केलीच नाही. शीळफाट्यावर समोरून येणाऱ्या गाडीतल्या बाईच्या हातात दिली. तिनं पुढच्या गाडीला. चावी दिवसभर गाड्यांतून फिरायला लागली, खिडकीतून खिडकीत, सुट्ट्या पैशांसारखी. कंट्रोलरनं विचारलं की जी समोर असेल तिनं सांगायचं, "मागच्या गाडीत आहे, साहेब." मागच्या गाडीतली म्हणायची, "आत्ता पुढे गेली." तो वरती तक्रार करणार कशी? मग बायकांच्या केबिनची चावी मुळात त्याच्याकडे का होती, तेही त्याला लिहावं लागलं असतं.

"तू छापलंस की नवीन कुलूप येईल," आई म्हणाली. "गप्प बस थोडे दिवस. जमेल ना?"

मी आयुष्यात एवढं चोख संघटन बघितलं नव्हतं. बैठक नाही, बॅनर नाही, पट्ट्याच्या रंगावर मतदान नाही. आणि पहिल्यांदाच मला पत्रक काढायला बंदी. गठ्ठा पलंगाखाली गेला. आता त्या केबिनला कुलूपच उरलेलं नाही. कंट्रोलरनं कंटाळून एक दिवस स्वतःच काढून टाकलं, आतून कडी आहे. म्हणून आईनं मला हे लिहू दिलं. पण चावी फिरत होती तेव्हाची एक दुपार सांगायची राहिली.

मला घोडबंदर रोडला एका सभेला जायचं होतं आणि मी शीळफाट्यावर उभी होते. समोरून आलेल्या एका गाडीतून कंडक्टर बाई वाकली. मी तिला ओळखतही नव्हते.

"ए, तू व्हिडिओतली ना? मुतलेली?"

"हो," मी म्हटलं. आता नाही कशाला म्हणायचं?

"धर. तुझी आई येतेय मागून." हातात चावी कोंबली आणि तिची गाडी निघूनही गेली.

आईची गाडी आली. गच्च भरलेली. ती पायरीवर होती. तिनं माझ्या हातातली चावी बघितली, मग आत वळून माणसं बघितली, मग पुन्हा चावी. आवाज खाली आणून म्हणाली, "गाडी भरलीय गं."

मी भाषणं देणारी बाई. नुसती चावी पुढे धरून उभी राहिले.

ड्रायव्हरकाकांनी इंजिन बंद केलं. मागे न बघता म्हणाले, "जा ताई. गाडी कुठं पळत नाय."

ती उतरली. बॅग आणि तिकिटाचं मशीन काखेला तसंच. कंडक्टर बॅग कुणाकडे देत नाही. केबिनचं दार लागलं. मी तिच्या जागी पायरीवर चढून उभी राहिले, कुणीतरी तिथं असायला हवं म्हणून.

लगेच आतून आवाज. "ओ, गाडी का थांबवली? सिग्नल पण सुटला."

मी वळले. सगळे माझ्याकडे बघत होते. 'अंतराळातला पहिला माणूस' असं काहीतरी माझ्या जिभेवर आलेलंही. मी म्हटलं, "कंडक्टर लघवीला गेल्यात. येतील."

इस्त्रीच्या शर्टातला एकजण घड्याळ बघत म्हणाला, "किती वेळ लागेल?"

मागच्या सीटवरून एक बाई म्हणाली, "तुला किती लागतो? त्याहून थोडा जास्त. साडी आहे तिला."

हसू फुटलं. शर्टवालाही हसला, खिडकीबाहेर बघायला लागला. कुणी ओरडलं नाही.

आई आली. ओले हात पदराला पुसत, कुणाच्याही तोंडाकडे न बघता चढली. "पुढे सरका, पुढे सरका." मग मागच्या सीटपर्यंत गेली आणि त्या बाईला म्हणाली, "पाणी आहे का गं तुझ्याकडे?" बाईनं बाटली दिली. आईनं मान वर केली आणि वरून धार धरून प्यायला लागली. शीळफाट्यावर, भर दुपारी, पुढची अख्खी फेरी बाकी असताना. घोट घोट नाही, गटागटा. गळ्यावरून ओघळलं ते तिनं पुसलंही नाही. सगळी गाडी बघत होती आणि तिनं बघू दिलं.

बाटली परत दिली, डबल बेल दिली. काकांनी गाडी काढली. माझ्या लक्षात आलं की मी अजून पायरीवरच आहे आणि घोडबंदरची गाडी उलट्या बाजूनं सुटते आहे.

"आई, मला उतरायचंय."

"पुढच्या स्टॉपला," ती म्हणाली, आणि मशीन पुढे धरलं. "तिकीट?"